सुपडूच्या छातीतला दुसरा ठोका

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही. माझे काका, प्राध्यापक मोतीलाल पाटील, यांनी हे मला स्वतः सांगितलं. कागदाच्या पट्ट्याही मी पाहिल्यात.

मे १९६४. सारंगखेडा. भर दुपारचे दोन.

काका तेव्हा मुंबईच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंग शिकवायचे. हृदयाचे ठोके कागदावर उमटवणारं स्वस्त यंत्र त्यांनी घरीच बनवलं होतं. त्यावरच पीएच.डी. चालू होती. खेड्यातल्या माणसांवर ते तपासायला काका सुट्टीत गावी आले. शेजारच्या शांतीबाईंनी मागची रिकामी खोली दिली.

पहिला आला सुपडू. केळीच्या बागेत राबणारा धट्टाकट्टा गडी. काकांनी त्याच्या हातापायांना पट्टे बांधले, बॅटरी जोडली.

पेन हललं. ठोका… ठोका…

आणि मधेमधे… दुसरा ठोका.

बारीक. घाईघाईचा. मिनिटाला एकशे चाळीस.

काकांनी तारा बदलल्या. बॅटरी बदलली. सुपडूला उठवून स्वतः झोपले.

तरी तोच ठोका.

यंत्र अंगणात नेलं… गायब.

परत खोलीत आणलं… हजर.

असे ठोके काकांनी एकाच ठिकाणी पाहिले होते. गरोदर बाईच्या पट्टीवर. पोटातल्या बाळाचे.

शांतीबाई दारात उभ्या होत्या.

"काकू, या खोलीत कोणी…?"

"मन्ही सून, रुखमा. औंदा व्हळीना टाइमले याच खोलीमा मरी गयी. आठवा महिना व्हता. पोर पोटमाच राही गयं."

काकांनी पट्टी दाखवली. त्यावरून बोट फिरवत त्या हळूच म्हणाल्या, "जित्तं शे का रे, भाऊ?"

पोर जिवंत आहे का, हे बघायला काकांनी त्या खोलीत एकूण अकरा पट्ट्या काढल्या.

मुंबईत मार्गदर्शकांनी पट्ट्या बाजूला सारल्या. "फाडून टाका. लोक हसतील."

"यंत्र चुकलं असेल तर चूक दाखवा, सर. घाबरून मी एकही फाडणार नाही."

"मग डिग्री विसरा."

"विसरलो!"

काकांनी मार्गदर्शक बदलला. पुढची बढती गेली, चार वर्षं गेली. पण त्या अकरा पट्ट्या प्रबंधात राहिल्या. खाली स्पष्ट लिहिलं होतं, 'कारण समजले नाही.'

डिग्री हातात पडताच, मे १९६८ मध्ये, ते पुन्हा त्याच खोलीत गेले. गावाने नको म्हटलं. काकांनी ऐकलं नाही. नवं यंत्र लावून एकटेच झोपले.

दुसरा ठोका आला.

पण… एकशे चाळीस नव्हता. एकशे पाच होता.

धुळ्याला लहान मुलांचे एक डॉक्टर ओळखीचे होते. काकांनी विचारलं, "एवढे ठोके कुणाचे असतात?"

"चार वर्षांच्या पोराचे. का हो?"

काकांनी हे शांतीबाईंपासून लपवलं नाही. तेव्हापासून त्या खोलीत रोज एक लहान ताट वाढायच्या. लोकांनी त्यांना वेडी ठरवलं. काकांनी कधीच नाही.

एकदा मी सहज विचारलं, "काका, ताटातलं संपायचं का?"

"रोज," काका म्हणाले. "पुढे ताटही मोठं करावं लागलं."

मी उगाच विचारलं…