तिसरं बिऱ्हाड

नारीन गावच्या इस्पितळात मी बॉयलरला कोळसा घालतो. त्या दुपारी माझी बायको सायरागुल तिथेच वरच्या वॉर्डात होती. पोटात रक्तस्राव. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन मी तळघरातल्या संगणकाच्या खोलीत गेलो. तिथे आयझिरेक बसते. तिच्या संगणकानं होकार दिल्याशिवाय शेजारचं रक्ताचं कपाट उघडत नाही.

"बूट बाहेर, आबा. तुमच्या कोळशानं माझी पेटी खोकते."

मला अक्षर येत नाही, पण तिनंच एकदा समजावलं होतं. संगणकाची पेटी एक, आत डेटाबेसची बिऱ्हाडं वेगवेगळी. प्रत्येकाचं सामान निराळं, दाराचा नंबर निराळा. एक औषधांचं, एक शवागाराचं. तिसरं, रक्ताचं, तिनं त्याच सकाळी थाटलं होतं.

तिनं सायरागुलचं नाव टाकलं आणि हात थांबले. पंखे घरघरत होते. तापलेल्या धुळीचा वास येत होता.

"आबा... इथे लिहिलंय, त्या गेल्या. चार वाजून दहा मिनिटांनी."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते. मी म्हटलं, आत्ता तर मी तिला पाणी पाजून आलो.

मग हळूच तिनं कबूल केलं. घाईत तिनं शवागाराचंच बिऱ्हाड जसंच्या तसं उचलून रक्तासाठी मांडलं होतं, आणि दाराचा नंबर बदलायचा राहिला होता. पण एका नंबरावर दोघं बसूच शकत नाहीत, म्हणाली. दुसरं सुरूच होत नाही, म्हणजे उत्तर शवागारातूनच आलं असणार. तिनं शवागाराचं बंद केलं. नाव विचारलं. तेच उत्तर. मग तिन्ही बंद केली आणि पुन्हा विचारलं.

ती पडद्याकडे झुकली.

"काय म्हणतंय, लेकी?"

"म्हणतंय... कपाट उघडू नका."

"मग पेटीत कोण आहे?"

"कुणीच नाही, आबा. मी सगळी बंद केलीत."

तिनं पेटीची वायरच उपटली. पंखे थांबले. मग कपाटाचं कुलूप तिनं पहारीनं तोडलं. चाराला पाच कमी असताना मी बाटल्या घेऊन जिना चढलो. चार वाजून दहा मिनिटांनी रक्त थेंबथेंब उतरत होतं, आणि सायरागुलनं डोळे उघडले.

आता ती घरी आहे. जेवते, माझ्यावर चिडते. मी हाक मारली की ओ देते. मग ओठ मिटून विणकामाकडे बघत बसते... आणि तिच्याच छातीतून, जरा उशिरा, दुसरी ओ येते.

तो आवाज तिचा नाही.