पाणवठ्यातले पोहे

"शी! श्याम, परत?" मृदुला ओरडली आणि पाय वर घेऊन बसली.

तिचा धाकटा भाऊ काय बोलणार? त्याचं तोंड खिडकीबाहेर होतं, आणि बाहेर जायचं राहिलेलं सगळं खाली गोणपाटावर होतं! पिंपरीहून कंपनीची बस वाघ बघायला ताडोब्याच्या जंगलात आली खरी, पण तीन दिवस बघायला मिळालं ते हेच. मागच्या बाकावरची पोरं रोज ओकत होती.

"काळजी नको! सकाळी गोणपाट चकाचक!" दौलतराव म्हणाले. ते सहलीचे पुढारी, मशीन शॉपचे सुपरवायझर. त्यांच्या शॉपला सलग चार वर्षं स्वच्छतेची ढाल मिळाली होती, आणि दर अर्ध्या तासानं ते कुणाला तरी ऐकवत होते.

"वाघबिघ काही नाही इथे! त्या आबाजीनं थापा मारल्यात," त्यांनी निकालही देऊन टाकला.

आबाजी म्हणजे विश्रामगृहाजवळचे वनरक्षक. ते पोरांना म्हणाले, "खोटं काऊन बोलू मी? वाघीण हाये, तीन पिल्लं हायेत. मे महिन्यात चार कोसांत हा एकच झरा. पण दोन दिवस झाले, पाण्याला तोंड लावलं नाई तिनं. ती काढेल कळ. पिल्लं नाई वाचायची."

"आम्हाला दाखवाल तो पाणवठा?" मृदुलानं लगेच विचारलं.

सकाळी ती, श्याम आणि मैत्रीण पद्मजा आबाजींबरोबर पाणवठ्यावर गेली. ओल्या मातीत पंज्यांचे ठसे! पार काठापर्यंत आलेले, आणि तिथूनच माघारी वळलेले.

"आली होती! मग प्यायली का नाही?" मृदुला म्हणाली.

पद्मजा वाकली आणि नाक दाबून मागे सरली. "ई! आमच्या चाळीतला संडास धुतल्यावर येतो ना, तस्सा वास!"

काठाचं पाणी पांढरट झालं होतं. त्यावर पिवळं पिवळं काहीतरी तरंगत होतं. श्यामनं निरखून पाहिलं. "ताई," तो बारीक आवाजात म्हणाला, "हे माझे पोहे आहेत."

आता सांगा, याला काय म्हणावं! ओकीनं भरलेले गोणपाट दौलतरावांनी वाघिणीच्या पिण्याच्या पाण्यात धुवायचे, तेही फिनेल ओतून!

पोरं तडक दौलतरावांकडे गेली. त्यांना काहीच वाटलं नाही!

"मग घाण तशीच ठेवू? फिनेलनं पाणी उलट शुद्ध होतं! ढाल काय उगीच मिळते? चला, लहान तोंडी मोठा घास नको!"

बाकीच्या मोठ्यांनी माना डोलावल्या. मृदुलाला त्या सगळ्यांचीच किळस आली.

दुपारी पंगत बसली. ऊन तर असं, की जीव नकोसा व्हावा! मृदुलानं दौलतरावांपुढे पांढरा पेला धरला. "काका, ताक?"

"शाबास पोरी!" त्यांनी पेला नाकाशी नेला मात्र, डोळ्यांत पाणीच आलं. "शी शी शी! फिनेल आहे यात! मारतेस का मला?"

मृदुलानं पेला झटकन काढून घेतला. "पाणवठ्यातलंच आहे, काका. तुम्हीच म्हणालात ना, शुद्ध असतं? तीन पिल्लांना दुसरं पाणीच नाही."

पंगतीत कुणी घास उचलेना. दौलतरावांचा चेहरा पडला. ते उठले, हात धुतले आणि विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. "बादल्या आणा," एवढंच म्हणाले.

मग बायाबाप्ये, पोरंसोरं सगळी रांगेत उभी राहिली. पाणवठा उपसून घाण पाणी लांबच्या खड्ड्यात ओतलं. चिखल खरवडला. त्यातले पोहे दौलतरावांनी स्वतःच्या हातानं वेचले, आणि वेचताना दोनदा त्यांनाच उमासे आले! उन्हं कलेपर्यंत झऱ्याचं ताजं पाणी घोट्याएवढं साठलं.

सगळे बसमध्ये श्वास रोखून बसले. झुडपं हलली. वाघीण! ती काठाशी आली, पाणी हुंगलं आणि थांबली.

"पी ना गं," पद्मजा पुटपुटली.

वाघिणीनं मान खाली घातली. लप् लप् लप्! मागून एक पिल्लू आलं, दुसरं आलं. बऱ्याच वेळानं तिसरंही लटपटत आलं आणि थेट पाण्यातच बसलं.

"पोरांनो, जीव वाचवले तुमी," आबाजी म्हणाले.

दौलतरावांनी मृदुलाच्या डोक्यावर हात ठेवला. "मघाशी पेला काढून घेतलास," ते हळूच म्हणाले, "तुझ्या जागी मी असतो ना, तर पाजलाच असता."