रद्द करण्याआधीची पाहणी

घराचा विमा दरवर्षी आपोआप नवा होत असे. पैसे परस्पर बँकेतून जायचे आणि फोनवर निरोप यायचा. यंदा तो आला तेव्हा चष्मेवाला दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होता. निरोप वाचला आणि फ्रेम तशीच नाकावर सोडून तो दुकानाबाहेर आला.

ते घर आता नव्हतंच. गेल्या वर्षी भर दुपारी आग लागली. तो दुकानात होता, बायको आणि लेक घरात. उरल्यासुरल्या भिंती नंतर पालिकेने पाडल्या. भरपाई मागायचं मात्र त्याच्याने झालं नाही. त्या दोघींची किंमत ठरवल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून तो ताईकडे राहत होता, पाहुण्यासारखा अंग चोरून.

"एकदाचं बंद करून टाक ते," ताई म्हणाली. "दरवर्षी खपली काढायची हौस आहे का?"

त्याने फोन केला. कंपनीतली मुलगी म्हणाली, "रद्द होईल, सर. पण आधी आमचे सर्व्हेअर घर बघून जातील."

"अहो, घर जळालंय."

"आमच्याकडे तशी नोंद नाही, सर. ते बघतील ना."

ठरल्या दिवशी तो पोचला तेव्हा उन्हं चांगलीच चढली होती. काळवंडलेला चौथरा, त्याच्या भेगांतून वर आलेलं गवत, बाकी काही नाही. फाटकाशी सर्व्हेअर उभा होता. साठीकडे झुकलेला, नीटनेटका माणूस. रुमालाने तोंड पुसत होता.

"उशीर केलात. मी आत जाऊन आलो. वहिनींनी सगळं दाखवलं."

"कुणी?"

"तुमच्या मंडळींनी. घर तर चांगलं भक्कम आहे हो, कशाला रद्द करताय? पाणीही दिलं त्यांनी. जरा गरम होतं, एवढंच."

चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा काय थट्टेचा विषय आहे? पण तो माणूस आपला साधेपणाने बोलत राहिला. ओट्याजवळची फुटकी फरशी बदलून घ्या म्हणाला. न्हाणीच्या खिडकीला निळा कागद चिकटवलाय, तो मात्र झकास दिसतो म्हणाला.

तो कागद बायकोने आगीच्या आदल्याच दिवशी चिकटवला होता. बाहेरच्या कुणीच तो पाहिला नव्हता.

चष्मेवाल्याने फाटकाचा आधार घेतला. "आणि... मुलगी?"

"ती मागच्या खोलीत होती. सारखी दार वाजवत होती आतून. मी उघडायला गेलो, तर वहिनी म्हणाल्या, नको, धूर आत जाईल. धूर तर कुठेच नव्हता."

तो चौथऱ्यावर चढला. मागची खोली जिथे होती तिथे जाऊन उभा राहिला. लेकीला हाक मारली. मग आणखी एकदा, घसा फाटेस्तोवर. गवत हललं, तेवढंच.

परत आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. "विमा चालू ठेवला तर?"

"मग काय काळजी नाही," सर्व्हेअर धीर देत म्हणाला. "घर आहे तसं राहील."

"आहे तसं?"

"अगदी जसंच्या तसं."

त्याच्या डोळ्यांसमोर ते दार आलं. आतून दार वाजवणारे ते इवलेसे हात आले. आज, उद्या, पुढच्या वर्षी.

"रद्द करा."

"घाई करू नका, घरी विचारा एकदा..."

"करा म्हणतोय ना!"

सर्व्हेअरने फोनवर बोट फिरवलं. "झालं," म्हणाला.

मग त्याने मान वर केली आणि चष्मेवाल्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला.

"काय झालं?"

"वहिनी खिडकीत आल्यात. तुम्हाला हाका मारतायत. अहो, बघा तरी!"

चष्मेवाला वळला.

गवत. ऊन.

त्याने जिवाचे कान केले. कसलाही आवाज नव्हता.

"काय म्हणतेय ती?" त्याने विचारलं. "सांगा ना, काय म्हणतेय?"

सर्व्हेअरने दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घेतले होते.