निमीला साजेसं नाव

पाळण्यावर वाकून भाऊ लाडाने "निमे" म्हणाला, आणि दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीच्या पोटात ढवळून आलं.

घरात तिला सगळे आत्या म्हणत. आत्या आणि मळमळ? ऐकणाऱ्याला खोटं वाटेल! सारा जन्म तिने मागच्या शेडमध्ये साबणाची कढई ढवळली होती. गल्लीच्या टोकाला खाटकाने सुरी परजली, की जनावर म्हातारं की तरणं हे तिला इथे बसून वासावरून कळे. खवट चरबीचा डबा उघडताच वाटेवरची कुत्रीसुद्धा रस्ता बदलत, आणि ही शेजारी बसून निवांत चहा पिई. त्या वासांना जे जमलं नाही ते या दोन अक्षरांनी केलं.

कारण निमी म्हणजे तीच होती...

आई गेली तेव्हा कढईखाली जाळ पेटलेला होता. बाप एवढंच म्हणाला, "निमे, ढवळ." ती ढवळू लागली. ढवळता ढवळता घड्याळजीचं स्थळ आलं, उंबऱ्यात थोडा वेळ थांबलं, नाकाला रुमाल लावून परत गेलं. तरी ती ढवळतच होती! निमे, जाळ सार. निमे, पाणी आण. निमे, धाकट्याचा सदरा कुठे आहे? बापाचं ऐकून धाकटा भाऊही तसाच हाका मारायला शिकला. ते नाव कसलं, कमरेत बसणारं ढोपर होतं ते. मग भाऊ शिकला, बाप गेला, पुढे भावाने सुवासिक साबणाचं काचेचं दुकान थाटलं. गिऱ्हाइकांसमोर बरं दिसावं म्हणून भाऊ 'ताई' म्हणू लागला, आणि निमी फेसाच्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेली. निदान भावाच्या डोक्यातून तरी गेली. आत्याच्या गुडघ्यांतून मात्र गेली नव्हती.

आता भावाला नात झाली होती. पोरगी अशी रडे, की साच्यातल्या ओल्या वड्यांना तडे जात. आई-बापाने उपाय केले, डॉक्टरांनी हात टेकले. शेवटी आजोबा झालेल्या भावाच्या तोंडून, कुठून कोण जाणे, "निमे, गप गं" असं निसटलं आणि पोरगी टपकन गप्प झाली. झालं! घराला लाडकं नाव सापडलं. बटण आधी मिळालं. आता त्याला साजेसा कोट शिवायचा होता.

"निमिषा ठेवू," पोरीचा बाप, म्हणजे आत्याचा भाचा, म्हणाला.

"डोळा लवला की संपलं. नको," सूनबाई म्हणाली. "निमी हाक तर शोभली पाहिजे, आणि दारावरच्या पाटीवर भारदस्तही दिसलं पाहिजे. आत्याबाई, तुम्ही सांगा ना एखादं."

"निमी सोडून काहीही ठेवा," आत्या म्हणाली.

"अहो, इतकं गोड नाव!"

गोड... आत्याच्या घशाशी आंबट आलं. त्या तान्ह्या, दुधाच्या वासाच्या जिवाला हे कढईच्या काठावरचं किटण चोपडायचं? उद्या ही रांगेल, चालेल, आणि कुणी खाटेवर आडवं पडून हाक मारेल: निमे, पाणी! सांगून टाकावं असं तिला रोज वाटे. पण सांगायचं म्हणजे भावाच्या आनंदात चरबीचा डबा उघडायचा. आपण ज्याला माया म्हणून गिळलं ते सारं घाण होतं, असं म्हणायचं. कुणी "निमे" म्हटलं की गुडघे आपसूक उठत, आणि ती खुर्चीचे हात घट्ट धरून त्यांना खाली दाबी.

नाव ठेवायच्या दिवशी बैठकीची खोली पाहुण्यांनी भरली. आत्या मागे कढईपाशी होती. ऐन वेळी ढवळणं सोडलं असतं तर कढईतला सगळा घाणा, म्हणजे शिजत आलेला साबण, फाटला असता. बाहेर पोरगी किंचाळायला लागली, आणि भाऊ गळा ताणून ओरडला, "निमे! ए निमे!"

"आले, आले!"

दारात आत्या उभी. पदर खोचलेला, हातात झारा, आणि झाऱ्यातून सूनबाईच्या नव्या गालिच्यावर ठिबकणारी पिवळी चरबी.

आधी कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, नाकं धरून. "अहो आत्याबाई, तुम्हाला नाही, पाळण्यातल्या निमीला!"

आत्याने झाऱ्याकडे पाहिलं, गालिच्याकडे पाहिलं. साऱ्या जगात तिला इतकी शिसारी कशाचीच आली नव्हती, जितकी त्या क्षणी आपल्याच धावलेल्या पायांची आली.

"मलाच आहे ती हाक," ती म्हणाली. "विचारा त्याला."

भावाचं तोंड उघडं राहिलं. ओठांवर निमी होतीच; आता ती डोळ्यांत उतरली... जाळापुढे बसलेली, भुवया करपलेली, त्याचा सदरा हुडकून देणारी.

"ताई... मी विसरलोच गं."

"तू विसरलास, माझे गुडघे विसरले नाहीत. म्हातारी झाले तरी उठतात मेले. तुझं शिक्षण, तुझं दुकान, कशाबद्दल कधी बोलले का मी? आज एकच मागते. या पोरीला हाकेसरशी धावायला लावू नकोस."

भावाने पुढे होऊन तिच्या हातातला झारा घेतला. चरबी त्याच्या इस्त्रीच्या बाहीवरून कोपरापर्यंत ओघळली, पण त्याने झारा सोडला नाही.

"आत्याबाई," सूनबाईने हळूच विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय हो?"

इतकी वर्षं एका घरात राहून हा प्रश्न पहिल्यांदा आला होता. आत्याने नाव सांगितलं. स्वतःच्या तोंडून ते ऐकताना तिला वाटलं, कुणा अनोळखी, नीटनेटक्या बाईची ओळख करून देतोय आपण.

"हेच ठेवू," सूनबाई डोळे पुसत म्हणाली. "आणि हाकही पुरी मारायची. तोडायचं नाही."

पोरीने त्या लांबलचक नावाला पहिल्याच हाकेला असा हंबरडा फोडला, की दुकानातली काच थरथरली म्हणतात. तरी कुणी माघार घेतली नाही.

पाहुणे गेल्यावर फाटलेला घाणा भावाने पुन्हा जाळ लावून ढवळला. दोनदा ओकारी आली, भुवई करपली, पण त्याने तो उतरवला. मग भिंतीला टेकून बसला आणि जुन्या सवयीने तोंडातून गेलं, "निमे, जरा पाणी..."

आत्याचे गुडघे हलले नाहीत. तिने खाली वाकून खात्री करून घेतली.

भाऊ जीभ चावून उठला. पेला भरून त्याने आधी तिच्यापुढे धरला.

आत्याने नाक मुरडलं. "हात धुऊन आण आधी. शी! काय वास मारतोयस..."

भाऊ मुकाट्याने मोरीकडे गेला. साबण सुवासिकच होता. पण आत्याने त्याला तीनदा हात धुवायला लावले, आणि मगच ते पाणी प्यायली.