पट्ट्याचं सातवं भोक

जोहराबी दुकानाची पायरी चढली आणि गुलाम हुसेनच्या हातातला चिमटा जागीच थांबला. कालच हिच्या पोराचं दफन झालं होतं. आज ही बाई घड्याळजीकडे कशाला आली?

"सईदानं बोलावलंय तुम्हाला. आत्ताच्या आत्ता."

"मला? सुनेचं तुझ्या काय काम माझ्याकडे?"

"अय्यूबचं घड्याळ दाखवायचंय," जोहराबी म्हणाली. "ती म्हणते, तुम्ही मारलंत त्याला."

गुलाम हुसेन म्हणजे भिवंडीच्या बाजारातला एक नंबरचा खवट म्हातारा. गिऱ्हाईकानं 'चाचा, जरा लवकर' म्हटलं की घड्याळ त्याच्या हातात परत देऊन मोकळा व्हायचा. त्या दिवशी मात्र त्यानं चिमटा खाली ठेवला. त्यानं शटर ओढलं आणि मुकाट तिच्यामागून निघाला.

सत्त्याऐंशीचा मे महिना. गुरुवारी दुपारी केसरीनाथ शेठच्या कारखान्यात अय्यूब लूमवर मेला होता. परगावचे कारीगर तेव्हा भिशीत, म्हणजे त्यांच्या खानावळीत, जेवायला गेले होते. ते परतले तर सगळे लूम बंद आणि एकच धडधडतोय. अय्यूबचा डावा हात चाक फिरवणाऱ्या बेल्टमध्ये, डोकं चाकाशी फुटलेलं. पोलिसांनी अपघात लिहिला आणि कागद बंद केला.

सईदा इद्दतीत होती, नवरा गेल्यावर परपुरुषासमोर न येण्याच्या दिवसांत. ती पडद्याआड बसली, गुलाम हुसेन बाहेर सतरंजीवर. पडद्याखालून रुमालात गुंडाळलेलं घड्याळ पुढे आलं. काच फुटलेली. काळा चामड्याचा पट्टा.

"चाचा, हा पट्टा तुम्ही केलात?"

"हो. मीच."

"एवढा लांब कशाला केलात? त्याचं टोक लोंबत होतं, ते बेल्टमध्ये गेलं. आणि मनगटावर आवळलेला तर असा की हात सुटलाच नाही. जरा सैल असता तर पट्टा निसटला असता आणि माझा माणूस वाचला असता. खरं की नाही?"

"हे तुला कुणी सांगितलं, पोरी?"

"मी," कोपऱ्यातून आवाज आला.

तो नूरुद्दीन, सईदाचा थोरला भाऊ. त्याच कारखान्यात डिझाईनची कार्डं बनवायचा. दोन दिवस तो बहिणीच्या दारातून हलला नव्हता. डोळे सुजले होते. "तुमच्यावर आळ नाही घेत, चाचा. चूक माणसाकडूनच होते. पण पट्टा फार घट्ट होता हो."

गुलाम हुसेननं घड्याळ उचलून मांडीवर घेतलं. चाळीस वर्षं त्यानं मनगटं मापली होती. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला हवं, हा त्याचा कायदा. माप तो सकाळी घ्यायचा नाही, शिफ्ट सुटल्यावर घ्यायचा. उकाड्यानं आणि कामानं हात तेव्हा फुगलेला असतो. अय्यूबला त्यानं दहा वेळा मूठ आवळायला लावली होती. तरी चुकलं?

त्यानं खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. पट्टा उलटा केला, सुलटा केला. 

"घरून निघाला तेव्हा घड्याळ कुठे होतं?"

"कोपराखाली. नेहमी तिथंच बांधायचे," सईदा म्हणाली.

हे भिवंडीत कुणाला सांगावं लागत नाही. लूमवरचा कारीगर घड्याळ मनगटावर घालत नाही. तुटलेला धागा जोडायला हात ताणलेल्या धाग्यांमध्ये जातो, मनगटावरचं बक्कल धागे ओढतं आणि कापड बिघडतं. म्हणून घड्याळ कोपराखाली चार बोटं, हाताच्या जाड भागावर. त्यासाठीच तो पट्टा लांब होता.

"मग मनगटावर कसं आलं?"

"नमाजासाठी वजू करताना, हात धुताना सोडलं असेल," नूरुद्दीन पटकन म्हणाला. "मग घाईत मनगटावर बांधलं असेल. मी तर तेव्हा मशिदीत होतो."

"असेल," गुलाम हुसेन म्हणाला. "पोरी, अय्यूबचं कुणाशी वाकडं होतं?"

पडदा जरासा हलला. "कुणाशी नाही. सोमवारी फक्त ठाण्याला कोर्टात जायचं होतं. नवशाच्या केसमध्ये साक्षीला."

नवशा हमाल राहनाळच्या गोदामात जळून मेला त्याला तीन महिने झाले होते. आत झोपला होता आणि मागच्या दाराला बाहेरून कुलूप. त्या दिवशी अय्यूब तिथं कापडाचे तागे उतरवायला गेला होता.

"कुलूप कुणी लावलं ते पाहिलं होतं त्यानं?"

"हो."

"कुणी?"

पडद्याची कड आतून घट्ट ओढली गेली.

"गोदाम केसरीनाथ शेठचं आहे, चाचा," नूरुद्दीन म्हणाला. "आता समजून घ्या."

गुलाम हुसेननं घड्याळ एका दिवसासाठी मागून घेतलं.   या घरात काहीतरी फार वाईट बसलंय असं त्याला वाटलं आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही.

हिरामण हवालदार चौकीबाहेर बाकावर चहा पीत होता.

"चाचा, पंचनामा झाला हाय. आता काय उकरताय?"

"घड्याळ प्रेताच्या हातावरून कुणी काढलं?"

"मीच काढलं. लय घट्ट होतं. करंगळीबी जात न्हवती."

"मला कारखाना दाखव."

"का?"

"कारण सगळा गाव म्हणतोय मी माणूस मारला. पुरेसं नाही?"

हिरामणनं त्याच्याकडे बघितलं आणि चहा तसाच ठेवून तो उठला.

कारखान्यात लूमचा असा खणखणाट की स्वतःचा आवाज ऐकू येईना. केसरीनाथ शेठ ऑफिसच्या दारात उभा होता. मोठा जमीनवाला माणूस, पण गेल्या तीन महिन्यांत खंगलेला.

"गुरुवारी दुपारी कुठे होतात, शेठ?" हिरामणनं विचारलं.

"पडघ्याला. तलाठ्याकडं. विचारा जाऊन."

"अय्यूब सोमवारी तुमच्याविरुद्ध बोलणार होता?"

"माझ्याविरुद्ध?" शेठ कडवट हसला. "अवो, त्या पोराची साक्ष माझ्याच वकिलानं मागवलीय. केस माझ्यावर हाय, पण मी कुलूप लावलं न्हाय. कुणी लावलं ते त्याला ठावं होतं. मला नाव सांगंना. कोर्टातच सांगीन म्हणायचा. माझं तर नशीबच गेलं त्याच्यासंगती!"

"गोदामाची चावी कुणाकडे असायची?"

"खिळ्यावर. कोणबी घ्यायचा."

गुलाम हुसेनचं लक्ष तिसरीकडेच होतं. एका लूमवर भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांची माळ फिरत होती. भोकांप्रमाणे धागे वर उचलले जातात आणि कापडावर नक्षी उमटते. आतल्या खोलीत नूरुद्दीन तोवर कामावर हजर झाला होता. त्याच्यासमोर भोकं पाडायचा लोखंडी पंच आणि पुठ्ठ्यांची चळत.

"छान गोल पडतात रे भोकं," म्हातारा म्हणाला.

"पडणारच. या पंचाला मी दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नाही. भोक एका केसानं हललं तरी नक्षी फिसकटते."

"रात्री काय करतोस?"

"पेटीत बंद. चावी ही, गळ्यात."

"जेवणाच्या सुट्टीतही?"

"पाणी प्यायला उठलो तरी."

"वा! मला एक कार्ड पाडून दे बरं. आठवण म्हणून."

नूरुद्दीननं कौतुकानं एक पुठ्ठा पंचाखाली सरकवला. कटक, कटक, कटक. खाली लावलेल्या डब्यात खाकी टिकल्या पडल्या.

"हा डबा केव्हा रिकामा करता?"

"भरला की. पंधरा दिवसांनी."

गुलाम हुसेन डब्यात वाकून बघत राहिला, जरुरीपेक्षा जरा जास्तच वेळ. मग ते कार्ड घेऊन तो बाहेर आला आणि हिरामणचा दंड त्यानं घट्ट धरला.

"तो डबा उचल. आत्ता. साक्षीला पंच माणसं बोलाव, सील कर, काय ते कर. पण तो डबा त्याच्यापाशी सोडू नकोस."

"अवो, पण झालं काय?"

"सांगतो. सईदासमोर सांगतो. तिनं मला विचारलंय, उत्तर तिचंच आहे."

संध्याकाळी त्याच सतरंजीवर माणसं बसली. जोहराबी भिंतीला टेकून. दारात हिरामण आणि दोन शिपाई. नूरुद्दीन बाजूला उभा होता; त्याला तिथं का आणलं, ते कुणी सांगितलं नव्हतं. पडद्याआड सईदा.

गुलाम हुसेननं घड्याळ मध्ये ठेवलं.

"पोरी, या पट्ट्याला मी सहा भोकं पाडली. सगळी टोकाकडे, कोपराखालच्या मापाची. अय्यूब चौथं भोक वापरायचा. बघ, तिथं चामड्याला वळी पडलीय, भोक लांबट झालंय. रोजच्या ओढीनं तसं होतंच. पण इथं सात भोकं आहेत."

"सात?"

"सातवं इकडे, पार घड्याळाजवळ. ते माझं नाही. मी आरीनं पाडतो, बारीक. हे मोठं आहे, गोल, कडा कोऱ्या. त्याच्याभोवती एक वळी नाही."

"वजू करून मनगटावर बांधायला पाडलं असेल त्यानंच," नूरुद्दीन म्हणाला. त्याचा आवाज ठीक होता. हात त्यानं पाठीमागे नेले.

"करंगळी जाणार नाही असं? ज्याला तासाभरात पुन्हा लूमवर उभं राहायचंय तो स्वतःचा हात असा आवळेल? स्वतःच्या हाताला घड्याळ बांधणारा माणूस बोचलं की सैल करतो, बाबा. दुसऱ्यानं बांधलं तर त्याला बोचत नाही. आणि ज्याला बांधलं त्यालाही बोचत नसलं, तर तो मेलेला असतो."

जोहराबीनं तोंडावर पदर घेतला.

"आणखी ऐका. बेल्टनं पट्टा धरून माणूस खेचला असता तर सगळा जोर या सातव्या भोकावर आला असता. ते फाटलं असतं, निदान ताणलं तरी असतं. हे आजही गोल आहे. या पट्ट्यानं कुणाला ओढलेलं नाही." म्हाताऱ्यानं पट्टा खाली ठेवला. "अय्यूबला आधी डोक्यात मारलं. मग हात बेल्टमध्ये सारला. पण बारा वर्षं लूम चालवलेल्या कारीगराचा हात बेल्टमध्ये जातो, हे कोण मानणार? काहीतरी निमित्त हवं. घड्याळ अडकलं, हे निमित्त. कोपराखालचं घड्याळ अडकत नाही, म्हणून ते मनगटावर आणलं. तिथं ते गळून पडायला लागलं, म्हणून घाईत एक भोक पाडलं. हाताशी होतं त्या हत्यारानं."

त्यानं ते कार्ड पट्ट्यावर ठेवलं. कार्डाचं भोक सातव्या भोकावर बरोब्बर बसलं.

"पंच पेटीत असतो, किल्ली गळ्यात असते, पाणी प्यायला उठलं तरी. हे मी नाही म्हटलं."

हिरामणनं खिशातून कागदाची पुडी काढून उघडली. खाकी टिकल्यांच्या ढिगात एकच टिकली काळी होती. चामड्याची.

"डब्यात सापडली," तो म्हणाला. "पंचांच्या सह्या झाल्या हायत. नूरुद्दीन, राहनाळचं कुलूप कुणी लावलं रं?"

नूरुद्दीन आधी हसायला गेला. ते जमेना. मग तो एकदम खाली बसला.

"मला माहीत नव्हतं नवशा आत झोपलाय," तो म्हणाला. "खुदा कसम, माहीत नव्हतं. पुठ्ठे न्यायला गोदामात गेलो होतो, चहाला जाताना सवयीनं कुलूप घातलं. अय्यूबच्या मी पाया पडलो. म्हटलं, तुझ्या बायकोचा भाऊ आहे मी, एवढं नाव घेऊ नको. तो म्हणाला, नवशाची बायको रोज कोर्टाबाहेर बसते, तिला काय सांगू? आणि पाठ फिरवून लूमकडे गेला. पाना माझ्या हातातच होता..."

"आणि वर इथं येऊन माझ्या पट्ट्याला नावं ठेवलीस!" गुलाम हुसेन ओरडला. "या पोरीच्या तोंडावर!"

शिपायांनी नूरुद्दीनला उठवलं. उंबऱ्यात तो वळला. "सईदा," त्यानं हाक मारली.  ते त्याला घेऊन गेले.

गुलाम हुसेननं कपाळावरचा घाम पुसला. आपण सुटलो, असं त्याला वाटलं आणि क्षणभर, खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं.

मग सईदा बोलली. आवाज अगदी बारीक होता.

"चाचा, ते कोर्टात भाईचं नाव घेणार आहेत हे भाईला कसं कळलं, ते नाही विचारलंत?"

गुलाम हुसेननं मान वर केली.

"शेठला नाव सांगितलं नव्हतं त्यांनी. कुणालाच नाही. फक्त मला. बुधवारी रात्री. आणि गुरुवारी सकाळी मी भाईकडे गेले. म्हटलं, भाई, त्यांना समजाव, तुझं नाव घेणार आहेत. मीच सांगितलं, चाचा. मीच."

गुलाम हुसेनचे ओठ हलले. म्हणावं का, की नाही पोरी, पट्टा माझाच चुकला होता? आता ते कोण मानणार? त्यानंच तर सगळं उलगडून दाखवलं होतं, अगदी अभिमानानं. आपली जीभ झडली का नाही, असं त्याला झालं.

जोहराबी उठली. भिंतीला धरत पडद्यापाशी गेली आणि आत शिरली.

"अम्मा, मला मारा," सईदा म्हणत होती. "अम्मा, मारा मला."

 मग म्हातारीचा आवाज आला, रडून बसलेला.

"भाऊ होता ना तुझा. मीही माझ्या भावालाच सांगितलं असतं."