पहिलं पान

दोन हजार सहाचं साल, दसऱ्याला चार दिवस बाकी. भारनियमनात गेलेले दिवे नऊला येणार होते. आदेश आणि भूमिका, माझी नातवंडं, ओट्यावर बॅटरीच्या उजेडात कागद घेऊन बसली होती. दसऱ्यानंतरच्या रविवारी कॉलेजची पोरं घेऊन घाटाखालच्या खोऱ्यात सहल काढायची, त्याची यादी चालली होती. चिकन किती, थर्माकोलच्या प्लेटी किती, स्पीकर कोणाचा, जीप किती वाजता.

"आजी, आता काय मस्त असतं तिकडं," भूमिका म्हणाली. "सोनकी फुलते. सगळा माळ पिवळा."

मला ठाऊक आहे कसा असतो माळ. घाटाखालच्या या वैशाखऱ्यात माझं आयुष्य गेलं. रविवारी गाड्या येतात, सोमवारी आमच्या बाया बांधावरच्या काचा वेचतात. हाडं, पिशव्या, पोरांची हगीज, वांत्या. आमच्या तांबू गाईच्या पोटातून डॉक्टरानं पाटीभर प्लास्टिक काढलं, तरी ती वाचली नाही. निसर्ग बघायला येतात म्हणे. जिथं बसून खायचं तिथंच थुंकायचं, याला बघणं म्हणत असतील तर मला त्याची शिसारी आहे.

"यादीत सगळ्यात वर काय लिवलंस?" मी आदेशला विचारलं.

"चिकन."

"खोड ते. वरची ओळ मोकळी ठेव."

"कशाला?"

"सांगते. आयकून घ्या, मग ठरवा जायचं का नाय."

भूमिकानं बॅटरी विझवली. सेल वाचवायला, असं म्हणाली.

माझा धाकटा दीर दामू तुम्हाला ठाऊक आहे तो वाळका दामू. ही गोष्ट नऊ वर्षांमागची, तुम्ही लहान होता. तेव्हा तो तिशीतला होता, अंगानं दांडगा, मुरबाड–कल्याण जीप चालवायचा. त्याच्या जीपमध्ये धनेश नावाचा कल्याणचा एक माणूस नेहमी बसे. त्याच्या डोक्यात आलं, आपल्या वसाहतीतली वीस माणसं आणून खोऱ्यात सहल करायची. दामूला म्हणाला, चल, आधी जागा दाखव. दामूला हर्ष झाला. एक सहल ठरली की दर रविवारची ठरेल, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं.

सन सत्त्याण्णव. दसऱ्याचा दुसरा दिवस, रविवार. दुपारी चारला दोघं निघाले.

खोऱ्याच्या तोंडाशी जो सपाट माळ आहे, त्याला आमच्यात पानाचा माळ म्हणतात. मध्ये एक बसका दगड आहे. धनेश माळावर फिरून बोटानं दाखवत होता, इथं तंबू, इथं चूल, इथं गाड्या, इथं बायकांचा डान्स. मग भूक लागली म्हणून त्यांनी आणलेलं पार्सल सोडलं. दामूनं हात पुढं केला आणि थांबला. जन्मापासून अंगात मुरलेलं असतं ना. म्हणाला, "शेठ, इथं खायच्या आधी पान ठेवाय लागतं. पहिलं पान."

आता पान म्हणजे काय? आपण म्हणतो पान मांड, पान वाढ. पत्रावळीवर वाढलेलं जेवण. पण धनेशच्या गालात त्या वेळी कल्याणचं मसाला पान होतं. तो म्हणाला, "पान? असं सांग ना." आणि त्यानं तोंडात बोटं घातली, चघळलेला तो लाल लगदा काढला आणि दगडावर थापला. वर एक पिंक टाकली. "घ्या. रंगलेलं आहे."

दामू हसला.

एवढंच त्यानं केलं. पोरांनो, मी धनेशला दोष देत नाही. त्याला आपला शब्द कळला नव्हता. अडाण्याला माफी असते. दामूला कळला होता, आणि गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तो हसला. मग दोघं पोटभर जेवले आणि उरलेले तुकडे दगडापाशी टाकून आले.

"पण ते पान असतं कोणाला?" आदेशनं विचारलं.

गोजरला. हे मला माझ्या सासूनं सांगितलं. फार मागं आपली माणसं तांदूळ डोक्यावर घेऊन घाट चढायची. माळावर मुक्काम. गोजर ही त्यांच्यातली बाई, सगळ्या गड्यांचं रांधायची. गडी जेवायचे, मग त्यांच्याच पानांवर उरेल ते गोजर खायची. आपल्यात बायका तसंच करतात ना, नवऱ्याच्या ताटात, त्याच्यामागून. धर्म म्हणे. मला वाचायला कोणी शिकवलं नाही, माझी मी शिकले, आणि बरंच वाचलं. बाईनं उष्टं खावं असा धर्म मला कुठं सापडला नाही. तर एका रात्री काहीच उरलं नाही. गड्यांनी सकाळी पाहिलं तर गोजर पत्रावळींच्या ढिगाशी बसलेली. थंड. हातात चाटून पुसलेलं पान. तेव्हापासून माळावर पहिलं पान तिचं. कोणी हात लावायच्या आधी. कोरं.

त्या रात्री साडेनऊला दामू घरी आला. सरस्वतीनं, त्याच्या बायकोनं, ताट वाढलं. भात, वालाचं कालवण, नागलीची भाकर. दामू पाटावर बसला. खाली बघितलं आणि ओरडला, "कोणी खाल्लं यातलं?"

भाताच्या ढिगात तीन बोटांची ओढ. आणि कडेला एक घास… चावलेला. ओला. तोंडातून काढून ठेवल्यासारखा.

"मी आत्ता वाढलं, आत्ता," सरस्वती म्हणाली. तिला सहावा महिना होता. तिनं दुसरं ताट केलं. दामूनं पाण्याचा तांब्या घ्यायला मान वळवली. तेवढ्यात भाकरीची कड गेली होती. दातांची रांग उठलेली. पुढचा एक दात नव्हता, तिथं भाकर तशीच राहिली होती. आणि त्या कडेला लाळेची तार.

तो उठून परसात ओकला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मुरबाडला वडा घेतला. कागद उघडला, आत अर्धा वडा. बिस्किटाचा सीलबंद पुडा फोडला. प्रत्येक बिस्किट कडेनं भिजलेलं. तिसऱ्या दिवशी माझ्यासमोर त्यानं उकडलेलं अंडं हातात घेतलं. म्हणाला, "वयनी, याच्या आत कोण जाईल?" कवच मी बघितलं, कुठं तडा नाही. त्यानं सोललं.

आत अर्धंच अंडं होतं. पिवळ्या बलकावर दात. एक सोडून.

त्यानंतर तो फक्त पाण्यावर राहिला. भगत आणून झाला, कोंबडं कापून झालं. भगतानं कोंबडं खाल्लं आणि गेला. दामूचे गाल बसले, स्टिअरिंगवर हात कापायला लागला, जीप दारात उभी राहिली. धनेशनं दोनदा निरोप धाडला, सहलीचं काय. मग दुसरी जीप बघितली असेल. त्याचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही.

पण मला दामूची फार काळजी वाटत नव्हती, खरं सांगते. मला सरस्वतीची होती. तो जेवत नाही म्हणून ती जेवत नव्हती. नवऱ्याच्या आधी खायचं नाही आणि त्याचं ताट तर तसं घाणेरडं. ती चुलीशी बसून राहायची. दहाव्या दिवशी ती विहिरीवर चक्कर येऊन पडली. म्हणाली, "बाय, पोटातलं हालत नाय गो कालपासून."

मी तशीच दामूच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. तेव्हा त्यानं मला पानाचं सगळं सांगितलं. रडत सांगितलं. मला त्या रडण्याचाही वीट आला.

"हिला आधी जेवूदे," मी म्हटलं. "तिच्या पानात तू मागनं जेव."

"बायकोचं उष्टं खाऊ मी?"

"मग दहा दिस कोणाचं बघतोस ताटात? तेही बाईचंच हाय. त्यापरीस हिचं गोड लागंल."

"लोक काय म्हणतील, वयनी?"

"लोकांना अंडं सोलून दाखव."

  सरस्वतीला मी ताट वाढलं तर ती हात लावेना. तो हो म्हणेपर्यंत नाही. आणि तो हो म्हणेना. आणखी पाच दिवस गेले, पोरांनो. मरायला टेकला, पण बायकोच्या मागनं जेवायला तयार नाही. याला मान म्हणतात.

दिवाळी तोंडावर आली, वाघबारशीच्या संध्याकाळी सरस्वतीच्या पायांवर सूज चढली. तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "चला. तुमी म्हणाल तसं."

माळावर आधी गोजरचं पान ठेवायचं, मग सरस्वतीनं जेवायचं, तिच्यामागनं त्यानं, असं मी ठरवलं आणि स्वतः रांधलं. रात्री आठला जीप निघाली. आम्ही तिघंच. दामू कसाबसा चालवत होता. भाकरी फडक्यात होत्या, माझ्या मांडीवर. ऑक्टोबरची थंडी, काचा नाहीत, माळ येईपर्यंत भाकरी गार झालेल्या मला फडक्यातून कळल्या.

दिवसा गुराख्यांनी वाघोबाला खीर करून नेली होती. आता माळावर कोणी नाही. काळोख. दगडावर तो लाल डाग अजून होता. सरस्वतीनं पाणी ओतलं. दामूनं तो डाग आपल्या पंच्यानं पुसला. मी सांगितलं नव्हतं.

सरस्वतीनं पळसाची पत्रावळ मांडली. भात, वाल, एक अख्खी भाकर. म्हणाली, "गोजरबाय, पहिलं तुमचं."

आम्ही पाठ करून बसलो. कंदील बारीक केला.

काही नाही. किडे किरकिरत होते.

मग किडे थांबले.

आधी पत्रावळ सरकली. काटकी मोडावी तसा आवाज. मग… चावणं. हळू. तोंड मिटून नाही, उघडं ठेवून. दात कमी असलेलं माणूस चावतं तसं. मचमच. आमच्या मागं दोन हातांवर.

दामूनं माझं मनगट धरलं. 

चावणं चाललंच होतं. घाई नाही. कोणाची वाट बघणं नाही. बोटं चाटल्याचा आवाज. एकेक. पाच.

मग थांबलं.

…

बराच वेळ. कोणी हललं नाही. मग एक किडा. मग दुसरा.

मी दुसरं पान वाढलं. सरस्वतीच्या पुढ्यात ठेवलं. तिनं दामूकडे बघितलं.

"जेव," दामू म्हणाला.  "तू जेव आधी."

ती जेवली. पोटभर. इतकं सावकाश मी कोणत्या सुनेला जेवताना बघितलं नाही. दामू मांडीवर हात ठेवून बसून होता, वाढलेल्या ताटाशी पोर बसतं तसा. तिनं अर्धं ठेवून पान त्याच्याकडे सरकवलं. कंदिलाच्या उजेडात त्यानं पहिल्यांदा ते नीट बघितलं. भात मोकळा. कडा कोरड्या. त्यानं घास घेतला. दुसरा घेतला. मग त्यानं मान वर केली नाही.

सरस्वतीनं पोटावर हात ठेवला. "बाय," ती म्हणाली, "हाललं."

तेच पोर म्हणजे तुमच्याहून लहान असलेली तुमची कमळआत्या. तिला बघता तुम्ही.

"आणि ते दगडावरचं पान?" भूमिकानं अंधारातून विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

निघताना मी कंदील मोठा केला आणि वळून बघितलं. मांडलं होतं तिथं ते नव्हतं. आम्ही बसलो होतो, तिथं सरस्वतीच्या मागं, तिच्या पदराला लागून होतं. भाताचं शीत नाही, वालाचा डाग नाही. धुतल्यासारखं.

त्यावर अर्धी भाकर होती.

दातांनी तोडलेली नव्हती. मी उजेड जवळ नेऊन चारी बाजूंनी बघितली. हातानं मोडलेली, सरळ. खायच्या आधी कोणासाठी काढून ठेवतात तशी. कोरी. सरस्वतीनं ती उचलली आणि झटकन या हातातून त्या हातात घेतली. मग माझ्या तळहातावर ठेवली.

तव्यावरून आत्ता उतरवावी तशी भाजत होती.