कमरेएवढ्या बागेतला चोर

दुपारच्या पहाऱ्याची पाळी चष्मिसची होती, आणि तो खिडकीच्या गजांना कपाळ टेकून झोपला होता.

"चोर येऊन तुझा चष्मा काढून घेऊन गेला असता तरी तुला कळलं नसतं," मोठी म्हणाली आणि तिनं त्याच्या मानेवर ओला हात ठेवला.

"मी डोळे मिटून ऐकत होतो," चष्मिस दचकून म्हणाला.

"काय ऐकलंस?"

"तुझं घोरणं."

शेंडेफळ, म्हणजे तिघांतली सगळ्यात धाकटी, पलंगाखाली गार फरशीवर पसरली होती. तिनं तिथूनच विचारलं, "चोर आज येणार नसेल तर मी झोपू का?"

सुट्टी लागताच ही तिन्ही भावंडं आत्याकडे राहायला आली होती. घरात चोराचा वावर आहे हे कळल्यावर तिघांनाही आनंद झाला होता. साहस म्हणजे धावपळ, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते भर उन्हात रिकाम्या अंगणाकडे बघत बसणं निघालं. त्या काळी घरावर नजर ठेवायला कॅमेरे नव्हते; सुट्टीत आलेली मुलं होती.

आत्याची बाग पहिल्यांदा बघणारा माणूस हसायचाच. जमिनीवर काही नव्हतं. जुन्या टेबलाला कडेनं फळ्या ठोकून त्यात माती भरली होती, तिथं टोमॅटो. विटांवर चढवलेल्या कपाटाच्या खणांत मिरच्या आणि पुदिना. फुटक्या सिंकमध्ये गुलाब. आत्याचे गुडघे वाकत नव्हते आणि बोटांचे सांधे सुजून जाडजूड झाले होते. तिला खाली वाकता येईना, म्हणून तिनं बागच कमरेएवढी वर आणली होती. ती स्टुलावर बसायची, एका झाडाचं आटोपलं की काठीनं स्टूल पुढं ढकलायची आणि पुन्हा बसायची. तिची सगळी सकाळ अशी बसत उठत जायची.

याच बागेतून वस्तू नाहीशा होत होत्या. आधी छाटणीची कात्री गेली. मग खुरपं. मग झारीची जाळी. आणि मागच्या दाराला काकानं नवंकोरं लॅचचं कुलूप बसवून घेतलं होतं, दार ओढलं की आपोआप लागणारं. तरीही ते दार दोनदा उघडं सापडलं होतं.

काका म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. तो रोज संध्याकाळी कामावरून थेट इकडे यायचा आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता सगळी दारं ढकलून बघायचा. त्या संध्याकाळीही त्यानं तेच केलं आणि मग धपकन खुर्चीत बसला.

"ताई, मला आता हे झेपत नाही. रात्री झोप लागत नाही. मुलांची सुट्टी संपली की तू माझ्याकडे चल. चौथा मजला, एकच दार. हे घर कुलूप लावून ठेवू."

"आणि झाडं?"

"खिडकीत दोन कुंड्या टांगू की."

 आत्या एका हाताच्या बोटांनी दुसऱ्या हाताची बोटं चोळत राहिली.

"रविवारी त्याच कुलूपवाल्याला पुन्हा बोलावलंय," काका म्हणाला. "तू येईपर्यंत निदान मोठं कुलूप तरी बसेल."

तो गेल्यावर मोठीनं दोघांना माडीवर ओढत नेलं. "ऐकलंत ना? रविवारच्या आत चोर सापडला, तर आत्याला कुठं जावं लागणार नाही."

"आणि नाही सापडला तर?" शेंडेफळानं विचारलं.

"तर टोमॅटो वाळतील आणि आत्या खिडकीत बसून कुंड्यांकडे बघेल. पुरे का एवढं?"

चष्मिसनं चष्मा पुसला. तो विचार करतोय हे लोकांना कळावं म्हणून तो नेहमीच पुसायचा. "पहारा नको. आपल्याला झोप येते. मातीला पहारा करू दे."

अंधार पडायच्या आत तिघांनी फाटकापासून दारापर्यंतच्या वाटेवर आणि त्या उंच वाफ्यांभोवती पाणी शिंपलं आणि हातांनी माती लिंपल्यासारखी सपाट केली. कंबर मोडून आली. "एवढ्या मेहनतीत दुसरी बाग झाली असती," शेंडेफळ कुरकुरली. आत्यानं विचारलं तेव्हा मोठीनं सांगितलं, "धूळ बसावी म्हणून." ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आत्याचं बागकाम उरकल्यावर सुतळीचा गुंडा नाहीसा झाला होता. तिघं धावत अंगणात गेली. फाटकाजवळची माती जशीच्या तशी होती. तिच्यावर मांजराचंही पाऊल नव्हतं.

"चोर उडत आला," शेंडेफळ हळूच म्हणाली.

चष्मिस मात्र वाफ्यांपाशी उकिडवा बसला होता. तिथं आत्याच्या चपलांचे ठसे होते, काठीच्या टोकाचे गोल खळगे होते, आणि दर थोड्या अंतरावर स्टुलाच्या चार पायांच्या चार खुणा. "बाहेरून कोणी आलंच नाही," तो म्हणाला. "चोर आत्याच आहे."

त्याच्या पाठीत मोठीचा धपाटा बसला.

"मार, पण आधी इथं बस," तो पाठ चोळत म्हणाला. त्यानं स्टूल आणून बरोबर त्या चार खुणांवर ठेवलं. "आता हातातून काहीतरी पाड. आणि गुडघे न वाकवता उचलून दाखव."

मोठीनं एक मिरची पाडली. ती टेबलाच्या पायाला आपटून आत घरंगळली. मोठी कमरेतून वाकली, हात लांब केला, पण तो मिरचीपर्यंत पोचला नाही. ती तशीच बसून राहिली. मग तिनं चष्मिसची पाठ चोळून दिली.

मग शेंडेफळ पोटावर सरपटत टेबलाखाली गेली. आधी मिरची बाहेर आली. तिच्यापाठोपाठ सुतळीचा गुंडा. पुढच्या खुणेपाशी, सिंकखालच्या विटांमागं, वाळक्या पानांत खुरपं सापडलं. खणांखाली झारीची जाळी. आणि सगळ्यात आतल्या कोपऱ्यात, गंजून लाल झालेली कात्री. एवढं सगळं सापडलं, तरी कोणालाही ओरडावंसं वाटलं नाही.

आत्या स्वयंपाकघरात कोमट पाण्यात हात बुडवून बसली होती. तिनं मुलांच्या हातातल्या वस्तू पाहिल्या.

"सापडलं का सगळं?" ती म्हणाली. "जाळी पण? बरं झालं. हातानं पाणी शिंपडून शिंपडून जीव गेला."

"आत्या, दारसुद्धा तूच...?" मोठीनं विचारलं.

"त्या कुलपाची किल्ली बघितलीस? नखाएवढी. माझ्या बोटांत धरवतच नाही, फिरवणार काय? एकदा दार मागं लागलं आणि मी बसले उन्हात, कोणी येईपर्यंत. तेव्हापासून लॅचच्या भोकात चिंधी कोंबते. कधीकधी काढायची राहून जाते."

"मग काकाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? चोर येतो म्हटलं तर चौथा मजला. माझ्या हातून वस्तू पडतात म्हटलं तरी चौथा मजला." तिनं पाण्यातून हात काढले. "म्हटलं, चोरच बरा. निदान तो धडधाकट तरी आहे."

शेंडेफळाला हसू आलं, मग वाटलं की हसायला नको होतं.

"आम्हाला तरी उचलायला सांगायचंस," चष्मिस म्हणाला.

"तुम्ही चार दिवस आहात रे. मग कोणाला सांगू?"

 तिघं लगेच कामाला लागली. मोठीनं प्रत्येक हत्याराला सुतळी बांधून दुसरं टोक स्टुलाच्या पायाला बांधलं, म्हणजे पडलेली वस्तू ओढून वर घेता येईल. आत्यानं करून बघितलं. बारीक सुतळी बोटांत रुतत होती. मग जागोजागी जाड गाठी मारल्या. चष्मिसनं एका काठीला तारेचा आकडा बसवला. तो पहिल्यांदा निसटला, दुसऱ्यांदा मोडला, तिसऱ्यांदा टिकला. मग त्यानं किल्लीच्या डोक्यावर चमच्याची लाकडी दांडी आडवी ठेवली आणि भोकातून तार ओवून घट्ट आवळली. बोटांत न धरवणारी किल्ली आता मुठीत धरता येत होती. ती किल्ली त्यानं खिशात ठेवली. "आज नको. काकासमोर."

रविवारी काका आला, मागून कुलूपवाला आला. कुलूपवाल्याच्या हातातलं कुलूप बैलाच्या खुराएवढं होतं.

"काका, बसवायच्या आधी एक खेळ खेळाल?" मोठी म्हणाली. "बागेतून दोन टोमॅटो आणायचे आणि या दारानं परत आत यायचं."

"खेळायचं त्राण नाही गं माझ्यात."

"मग तर सोपं जाईल," चष्मिस म्हणाला. "त्राण नसलेल्या माणसाचाच खेळ आहे."

पुढं काय होणार हे कळायच्या आत शेंडेफळानं काकाच्या हातांवर बागेचे जाड हातमोजे चढवले. त्यांच्या बोटांत पेन्सिलीचे तुकडे भरले होते. मोठीनं त्याच्या गुडघ्यांना वेलाच्या आधाराच्या काठ्या बांधल्या. हातात त्याच कुलपाची दुसरी किल्ली दिली, ती नखाएवढीच, दांडी नसलेली. काका बाहुल्यासारखा बाहेर गेला, आणि मागं दार लागलं. खट्.

पहिला टोमॅटो फुटला. दुसरा घरंगळत टेबलाखाली गेला. मग दारापाशी किल्लीची खरखर ऐकू आली. बराच वेळ. मग किल्ली पायरीवर पडल्याचा आवाज.

"दार उघडा रे," काका म्हणाला.

"तुम्ही चोर नाही कशावरून?" शेंडेफळानं आतून विचारलं.

कुलूपवाला तोंडावर हात ठेवून हसायला लागला.  मोठीनं लॅच फिरवून दार उघडलं, तेव्हा काका भिंतीला टेकून उभा होता आणि पायरीवरच्या किल्लीकडे बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "किती दिवस चाललंय हे?"

"कुलूप बसवलंस तेव्हापासून."

मग मुलांनी सगळं सांगितलं: कात्री, चिंधी, चार खुणा. काका ऐकता ऐकता एकेका बोटातली पेन्सिल काढत होता. शेवटी तो कुलूपवाल्याकडे वळला. "तुम्ही तरी सांगायचं."

"तुम्ही म्हणालात मजबूत पाहिजे," कुलूपवाला म्हणाला. "उघडणार कोण, ते तुम्हीही बोलला नाहीत आणि मीही विचारलं नाही. माझंच चुकलं." त्यानं खुराएवढं कुलूप पिशवीत परत टाकलं, लॅचमध्ये तेल सोडलं आणि दाराला बाहेरून लांब दांड्याची मूठ ठोकली, कोपरानंही ओढता येईल अशी. मग चष्मिसच्या हातातली दांडीची किल्ली उलटीसुलटी करून बघितली. "हे कोणी केलं? माझ्याकडं शिकायला येशील का?"

"कारटी हुशार आहेत," काका म्हणाला. "आणि भयंकर त्रासदायक."

"चौथ्या मजल्याचं काय?" मोठीनं विचारलं.

काकानं बहिणीकडे बघितलं. "आधी ताईला दार उघडू दे."

आत्या दांडीची किल्ली घेऊन काठी टेकत बाहेर गेली. तिनं मूठ ओढून दार लावून घेतलं. आत सगळे दाराला कान लावून उभे राहिले. किल्ली भोकाला लागली, सरकली, पुन्हा लागली. काकाचा हात दाराकडे गेला. मोठीनं त्याच्याकडे बघितलं, तसा तो हात त्यानं खिशात घातला. बाहेर श्वास जोरात चालल्याचा आवाज येत होता. मग कुलूप सावकाश फिरलं.

आत्या आत आली. तिनं आपलं आपण दार लावलं, किल्ली टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसली.

"दमले बाई," ती म्हणाली. इतक्या दिवसांत हे तिनं भावासमोर कधी म्हटलं नव्हतं.

काकानं दुसरी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसला.

"मीही," तो म्हणाला. "राहा तू इथंच."